मोडके छप्पर आणि शेजारधर्म

मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी पाठ. वाचावयाचे शास्त्रभाग : मार्क २:१–१२, लेवीय १४:३३–४८, नहेम्या अध्याय ३, अनुवाद २२:८.



कफर्णहूम गावी चौघा जणांनी एका पक्षघाती मनुष्यास बाजेवर घालून आणिले, दाराशी गर्दी पाहून ते घरावर चढले, आणि छप्पर उसकटून त्यास येशूपुढे खाली सोडिले, ही कथा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ आहे. त्या चौघांच्या विश्वासाविषयी आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत. परंतु एक साधा प्रश्न क्वचितच कोणी विचारितो : दुसऱ्या दिवशी त्या घराचे छप्पर कोणी नीट केले? शास्त्र ह्याविषयी मौन धरिते. घरधन्याचे नावही तेथे सांगितलेले नाही. तरी ज्याने श्रावणातील रात्र गळक्या घरात, पोरांस एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हालवीत काढिली आहे, त्यास हा प्रश्न पोरकट वाटणार नाही.

त्या देशातील घरे आपल्या देशावरील माळवदाच्या घरांसारखीच असत. तुळ्यांवर फांद्या व झिलप्या पसरून त्यांवर माती चोपीत. असे छप्पर उकरावयास घटका पुरते. पुन्हा घालावयास मात्र चार माणसे, माती, पाणी आणि एक सबंध दिवस लागतो. सुवार्तेसाठी छप्पर उघडणाऱ्यांची आपण स्तुती करितो. ह्या पाठात छप्पर घालणाऱ्यांचा विचार करावयाचा आहे. म्हणजे दुबळ्या कुटुंबाचे मोडके घर नीट करण्यासाठी ज्या ख्रिस्ती जनांनी बिनमोल हात लाविला, त्यांचे काम कोणत्या तत्त्वावर उभे राहते, व आपल्या खेड्यातील मंडळीस त्यातून काय शिकता येते, हे पाहावयाचे आहे.

१. घरधन्याचा शब्द आधी

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात घरास लागलेल्या चट्ट्याचा नियम आहे. पुष्कळ उपदेशक हा भाग विधिनियमांचा रुक्ष भाग समजून सोडून देतात. तथापि घराच्या दुरुस्तीविषयी इतका बारीक विचार शास्त्रात दुसरीकडे क्वचितच आढळेल. तेथील क्रम नीट लक्षात घ्या.

प्रथम, घरधनी स्वतः याजकाकडे जातो व आपल्या घरात चट्ट्यासारखे काही दिसते असे सांगतो. याजक गावभर हिंडून कोणाच्या भिंती वाईट आहेत ह्याची यादी करीत नाही. दुसरे, याजक आत पाऊल ठेवण्यापूर्वी घर रिकामे करावयास सांगतो. कारण त्याने घर अशुद्ध ठरविले तर आतील सामानही अशुद्ध ठरेल. गरिबाची चार भांडी व अंथरूण वाचावे म्हणून देवाच्या नियमात ही सवड ठेविली आहे! तिसरे, तो घाईने निकाल देत नाही. सात दिवस थांबून पुन्हा पाहतो. चवथे, जेवढे दगड बिघडले तेवढेच काढावयाचे, आतून गिलावा खरवडावयाचा, मग दुसरे दगड व दुसरा गिलावा लावावयाचा. पाचवे, एवढे करूनही चट्टा परत उठला, तर घर पाडावयाचे. वरून रंग फासून ते निरोगी आहे असे म्हणण्याची मोकळीक नाही.

ह्या पाच गोष्टींत पहिली सर्वांत मोठी आहे. घरधन्याचा शब्द आधी, आमचा हात मागून. मदत करणारे ही गोष्ट विसरतात तेव्हा फार हानी होते. आपण कोणाच्या घरात न बोलाविता शिरलो, त्याच्या भिंती पाहून खेद दाखविला, व चार लोकांदेखत डागडुजी करून दिली, तर छप्पर गळावयाचे थांबेल. परंतु त्या घरातील बाप आपल्या मुलांपुढे लहान होईल. पाणी न येणाऱ्या घरातही मग त्यास सुखाने बसवत नाही.

२. प्रत्येकाने आपल्या घरासमोर

दुसरा शास्त्रभाग नहेम्याचा तिसरा अध्याय होय. नावांची ही लांबलचक यादी वाचावयाचा पुष्कळांस कंटाळा येतो. पण ती पाहा : यरुशलेमेच्या तटाच्या कामावर याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारा आहे, व्यापारी आहेत. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही काम करितात. ह्यांतील बहुतेकांचा धंदा गवंड्याचा नव्हता. तसेच त्यांतील अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधिला, हे तेथे पुनःपुन्हा सांगितले आहे. ज्यास त्या भिंतीच्या आड निजावयाचे आहे, तो तिच्यात पोकळ दगड घालणार नाही. आणि तकोवा गावच्या सरदारांनी मात्र कामास खांदा लाविला नाही, हेही लेखकाने लपविलेले नाही.

तटाला पडलेले भगदाड म्हणजे काय, हे चाकणच्या लोकांस समजावून सांगावयास नको. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेने सुरुंगाने बुरूज उडविला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा ह्यांनी थोड्या माणसांनिशी तो संग्रामदुर्ग किती नेटाने लढविला, हे आपल्या भागातील शाळकरी मुलांस ठाऊक आहे. यशया अठ्ठावन्नाव्या अध्यायात संदेष्टा खरा उपवास कोणता हे सांगताना भुकेल्यास भाकरी व बेघरास आसरा देण्याचे नाव घेतो, आणि असे करणाऱ्यास भगदाड बुजविणाऱ्याची पदवी देतो. तट राज्याचा असो वा घर विधवेचे असो, भगदाड एका माणसाने बुजत नाही, आणि ज्याचे घर आहे त्यास बाजूस बसवूनही बुजत नाही.

३. लोणावळ्याजवळ २००६ मध्ये काय घडले

ही तत्त्वे आपल्या काळात कशी कामास आली ह्याचे एक उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. पिंपरी-चिंचवडहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकल गाडीने मळवली स्टेशनास उतरले म्हणजे जवळच पाटण हे गाव लागते. तेथे २००६ सालच्या आक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी एका आठवड्यात शंभर घरे उभारण्याचे काम झाले. भारतातून व परदेशांतून सुमारे दोन हजार स्वयंसेवक आले होते. त्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर व त्यांच्या पत्नी रोझलिन ही उभयता होती. कार्टर साहेबांचे वय त्या वेळी ८२ वर्षांचे होते. जो मनुष्य १९७७ पासून १९८१ पर्यंत एका महासत्तेचा प्रमुख होता, तो मावळ तालुक्यात हातोडी घेऊन कामावर उभा राहिला. आपल्या गावच्या मंडळीतील ख्रिस्ती शाळेत तो शब्बाथवर्गही शिकवीत असे. रोझलिनबाई २०२३ मध्ये व कार्टर साहेब २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, प्रभूमध्ये निजले.

हे काम ज्या संस्थेने योजिले तिचे नाव हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. तिचे मूळ जाणणे उपयोगाचे आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतात क्लॅरेन्स जॉर्डन नावाच्या एका बॅप्टिस्ट उपदेशकाने १९४२ मध्ये कोइनोनिया नावाची शेतवाडी स्थापिली. कोइनोनिया हा ग्रीक शब्द नव्या करारात सहभागितेसाठी वापरिला आहे. गोऱ्या व काळ्या वर्णाच्या लोकांनी तेथे एका मेजावर जेवावे, एका शेतात राबावे, असा क्रम होता. हे आसपासच्या लोकांस खपले नाही. १९५० नंतरच्या दशकात त्या वाडीचा माल कोणी घेईना, व तिच्यावर गोळ्याही झाडण्यात आल्या. आपल्या देशात पाणवठ्यावरून व पंक्तीवरून ज्यांच्या वाडवडिलांनी छळ सोसला, त्यांस ह्या कथेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

पुढे मिलर्ड फुलर नावाचे एक धनवान वकील आपली मालमत्ता देऊन टाकून ह्या वाडीस येऊन मिळाले. जॉर्डन व फुलर ह्यांनी १९६८ मध्ये असे ठरविले की, शेजारच्या गरीब कुटुंबांसाठी घरे बांधावी. त्यांवर नफा घेऊ नये. मोशेच्या नियमशास्त्रात गरिबाकडून व्याज घेण्यास मनाई आहे म्हणून व्याजही घेऊ नये. आणि कुटुंबाने मूळ रक्कम हळूहळू परत केली म्हणजे तिच्यातून पुढच्याचे घर बांधावे. पहिले घर पुरे होण्यापूर्वीच, १९६९ मध्ये, जॉर्डन वारले. फुलर व त्यांच्या पत्नी लिंडा ह्यांनी आफ्रिकेत काही वर्षे हाच प्रयोग करून १९७६ मध्ये ही संस्था स्थापिली. भारतात तिचे काम १९८३ मध्ये खम्मम येथे सुरू झाले.

ह्या कामातील दोन नियम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला, ज्याचे घर त्याने आपल्या घामाचा वाटा घालावा. विटा वाहाव्या, पाणी घालावे, दुसऱ्याच्या घरी कामास जावे. दुसरा, घर देताना कुटुंबाचा धर्म पाहू नये, व घराच्या मोबदल्यात कोणास आपल्या धर्माकडे ओढू नये. संस्था ख्रिस्ती आहे हे ती लपवीत नाही. पण घर हे गळाला लाविलेले आमिष होऊ देत नाही.

फुलर ह्यांनीच २००५ मध्ये फुलर सेंटर नावाची दुसरी संस्था काढिली. तिने केवळ दुरुस्तीसाठी एक रीत घातली आहे, ती खेड्यातील मंडळीस सहज पेलणारी आहे. दुरुस्तीस जो खर्च आला तो कुटुंबाने सवडीप्रमाणे, व्याजावाचून, परत करावयाचा. दर महिन्यास किती द्यावयाचे हे कुटुंबच ठरविते. कायद्याचा कागद नाही, वसुलीचा तगादा नाही. आलेल्या पैशातून पुढल्या घराचे छप्पर होते. आज ज्याने घेतले तो उद्या देणारा होतो, आणि तेणेकरून त्याची मान ताठ राहते.

४. किल्लारीने शिकविलेली गोष्ट

परदेशी पाहुण्यांचे उदाहरण ऐकून कोणी म्हणेल, ‘त्यांच्यापाशी द्रव्य आहे, आमच्यापाशी काय आहे?’ म्हणून आता आपल्याच महाराष्ट्रातील एक गोष्ट पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंतचतुर्दशीचे गणपती बोळवून लोक निजले असता, लातूर व उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व आसपासची गावे क्षणात ढिगारा झाली, व हजारो माणसे निजल्या जागी चिरडली गेली.

भूकंपाहून घरांनीच अधिक माणसे मारिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तेथील भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, गोट्यांच्या व मातीच्या होत्या. भिंतीची आतली व बाहेरची अशा दोन अंगांस धरून ठेवणारे आरपार दगड तीत नव्हते. वर माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढविलेले होते. धक्का बसताच भिंतीची दोन अंगे फाटली व वरचा सगळा भार खाली आला.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन केले. अत्यंत नासधूस झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली. परंतु ज्यांची घरे उभी होती पण दुबळी झाली होती, अशी लाखाहून अधिक कुटुंबे होती. त्यांच्यासाठी निराळा मार्ग धरिला. पैसा हप्त्याहप्त्याने घरधन्याच्याच हाती दिला, व दुरुस्ती त्याने आपल्या देखरेखीखाली करावी असे ठरले. अभियंत्यांनी रीत सांगावी : माळवदावरील माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, खांब-तुळ्यांचे सांधे बळकट करा, भिंतीभोवती पट्टा बांधा. प्रत्येक गावात संवाद सहायक नेमिले, आणि ते बहुधा गावातल्याच स्त्रिया होत्या. स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने त्यांस ह्या कामी उभे केले. घरात सगळा दिवस वावरणारी स्त्री असते, भिंत कोठे फुगली हे तिला आधी कळते, तरी बांधकामाविषयी तिला कोणी विचारीत नसे. येथे तिला विचारिले, व तिने गवंड्यास जाब विचारावयास शिकले.

ह्यावरून दिसेल की, घरधन्याचा शब्द आधी हे तत्त्व केवळ दयाळूपणाचे नव्हे, शहाणपणाचेही आहे. आपल्या घराची दुरुस्ती ज्याने स्वतः केली, त्यास ती पुढे राखताही येते.

५. चाकणच्या पत्र्याच्या खोल्या

आता आपल्या भागाकडे वळू. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे औद्योगिक वसाहत झाली, आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथे कारखाने उठले, आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कामगारांस घरे मिळावी म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापिले होते. ते २०२१ मध्ये विसर्जित झाले. मग कारखाने पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे गेले. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी ह्या गावांत जेथे कांदा व ज्वारी होत असे, तेथे मोटारींचे सुटे भाग होऊ लागले. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून तरुण आले. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी उरल्या तुकड्यावर खोल्यांच्या रांगा बांधून भाड्याने दिल्या. आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांची पुष्कळ मुले ह्याच खोल्यांत राहतात.

येथे एक कठीण प्रश्न आहे, व तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. पाटणच्या कुटुंबास स्वतःचे घर मिळाले. किल्लारीच्या शेतकऱ्याची भिंत त्याची स्वतःची होती. पण भाड्याच्या खोलीचा पत्रा आपण बदलिला तर लाभ कोणाचा? भाडेकऱ्यास पावसाळाभर सुख मिळेल खरे. परंतु खोली सुधारली म्हणून मालकाने भाडे वाढविले, तर आपल्याच दुरुस्तीमुळे त्यास बाहेर पडावे लागेल. त्याचप्रमाणे ओढ्याकाठी अथवा परवानगीवाचून बांधलेल्या झोपडीवर आपण पैसा खर्च केला, आणि उद्या ती पाडण्यात आली, तर त्या कुटुंबाची दुप्पट निराशा होईल.

म्हणून भाड्याच्या खोलीस हात लावण्यापूर्वी मालक, भाडेकरी व मंडळीचे दोन पंच ह्यांनी एकत्र बसावे. सामान मालकाने द्यावे, मजुरी मंडळीच्या तरुणांनी द्यावी, आणि ठरावीक मुदतीपर्यंत भाडे वाढणार नाही असे मालकाने लिहून द्यावे. मालक ह्यास कबूल नसेल तर भिंतीस हात न लाविता, जे सामान भाडेकरी सोबत नेऊ शकतो त्याची मदत करावी : ताडपत्री, खाट, मच्छरदाणी, पाणी साठविण्याचे झाकणाचे पिंप. याजकाने आधी सामान बाहेर काढविले, त्याचा अर्थ येथे कळतो. भिंत दुसऱ्याची असली तरी अंथरूण गरिबाचे आहे.

काही ठिकाणी तर दुरुस्ती करणेच चूक होय. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ज्या उतारास भेगा पडू लागल्या आहेत तेथील घरास नवे पत्रे घालून देणे म्हणजे त्या कुटुंबास तेथेच राहा असे सांगणे होय. तेथे तहसीलदाराकडे अर्ज करण्यास सोबत जाणे, ही खरी सेवा आहे.

६. कामास लागण्यापूर्वी

चांगल्या मनाने वाईट काम करणाऱ्यांचा गरिबास फार उपद्रव होतो. म्हणून उपदेशकांनी पुढील गोष्टी आपल्या तरुण संघास व भगिनी मंडळास नीट समजावून द्याव्या.

(अ) काम मृगापूर्वी पुरे करावे. पाऊस सुरू झाल्यावर उघडलेले छप्पर हे मोडक्या छपराहून वाईट.

(आ) ओल कोठून येते हे शोधिल्यावाचून गिलावा करू नये. पुष्कळदा दोष भिंतीत नसून बाहेरच्या जमिनीत असतो. पाणी जोत्याकडे वाहते. चर खणून उतार फिरविला म्हणजे अर्धी ओल जाते. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा लाविल्याने आतली ओल कोंडते व गिलावा सुटून पडतो. मातीस माती व चुना हीच बरी.

(इ) पत्रे नुसते दगड ठेवून बसवू नयेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मावळ, खेड व जुन्नर ह्या तालुक्यांत कितीक घरांचे पत्रे उडाले. पत्रा कैचीस व आडव्या पाइपास आकड्यांनी आवळावा, आकड्याखाली डांबरी चकती घालावी, आणि एका पत्र्यावर दुसऱ्याची वीतभर चढण ठेवावी. कडेच्या पत्र्यांस आकडे अधिक लावावे, कारण वारा कडेकडून उचलतो.

(ई) जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टसचा तंतू असतो. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुष्कळ वर्षांनी प्राणघातक रोग होतो. असे पत्रे फोडू नयेत, कोरडे कापू नयेत. भिजवून अखंड उतरवावे. त्यांवर पाय देऊन चालू नये. फळी टाकून चालावे. अशा पत्र्यातून खाली पडून माणसे मरतात.

(उ) विजेच्या तारांस तारतंत्र्याखेरीज कोणी हात लावू नये. टिनाच्या खोलीत एक उघडी तार सर्व घरास वीज लावू शकते.

(ऊ) नव्या घराच्या गच्चीस कठडा करावा, नाही तर वरून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येईल, असे मोशेच्या नियमात आहे. आपल्याकडे जिन्यास कठडा नसलेल्या खोल्या शेकड्यांनी आहेत. थोड्या खर्चाचे व फार पुण्याचे हे काम आहे.

(ए) कागदही तपासावा. पंतप्रधान आवास योजना ग्रामीण ही २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये व किमान २५ चौरस मीटर जागा असा तिचा नियम ठरला. कित्येक विधवांचे नाव यादीत असूनही नमुना ८ चा उतारा सासऱ्याच्या नावावर राहिल्यामुळे अडचण येते. ग्रामपंचायतीत दोन खेपा घालून तो उतारा नीट करून देणे ही देखील घराची दुरुस्तीच होय.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : आमच्या उपासनामंदिराचे छप्पर गळते, ते सोडून लोकांची घरे कशी बांधावी? हाग्गय संदेष्ट्याने लोकांस दोष दिला तो ह्याच गोष्टीबद्दल नव्हे काय? नीट पाहा. हाग्गयाने दोष दिला तो स्वतःच्या घरास तक्तपोशी करून त्यात सुखाने बसणाऱ्यांस. विधवेच्या घरावर ताडपत्री घालणाऱ्यास त्याने दोष दिलेला नाही. मंदिराची पेटी व घरदुरुस्तीची पेटी ह्या दोन वेगळ्या ठेवा, दोन्हींचा हिशेब दर महिन्यास मंडळीपुढे वाचा, म्हणजे एकीमुळे दुसरी उपाशी राहणार नाही. राजा योवाश ह्याच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांच्या हाती वर्षानुवर्षे जाऊनही काम झाले नाही, आणि झाकणास भोक पाडलेली पेटी ठेविल्यावर झाले, ही गोष्ट दुसऱ्या राजांच्या बाराव्या अध्यायात आहे. पाळकांनी ती स्वतःस लावून वाचावी.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. कोणी म्हणतात, ‘आधी आपल्या लोकांची घरे करू, दुसऱ्याचे करावयाचे तर तो निदान उपासनेस तरी येवो.’ विश्वासाच्या घराण्याची विशेष काळजी घ्यावी असे पौल गलतीकरांस लिहितो खरे. परंतु त्याच वचनात तो सर्वांचे बरे करावयास सांगतो. आपल्या घरासमोरून आरंभ करावा, पण तेथेच थांबू नये. आणि अट तर मुळीच घालू नये. ज्या गावात आपण थोडे आहोत, तेथे आपल्या प्रत्येक उपकाराकडे लोक संशयाने पाहतात. हा संशय केवळ बोलून जाणार नाही. घर नीट झाल्यावर त्या कुटुंबाने आपल्या देवळात नारळ फोडला, तर आपला चेहरा उतरतो की नाही, ह्यावरून आपण पत्रा कशासाठी बसविला हे गावास कळेल. त्यांनी बोलाविल्यास जाऊन चहा घ्यावा, पोरांस जवळ करावे, व घरी यावे. आपल्या विश्वासाविषयी कोणी विचारिल्यास मोकळ्या मनाने सांगावे. न विचारिल्यास पत्रा पुरे सांगेल.

ह्याच न्यायाने आपणही मदत घ्यावयास शिकले पाहिजे. आपल्या भिंतीस मराठा शेजाऱ्याने किंवा बौद्ध शेजाऱ्याने हात लाविला तर संकोच मानू नये. ज्यास केवळ देणे कळते आणि घेणे कळत नाही, तो शेजारी नसून सावकार होय.

बंधुभगिनींनो, कफर्णहूमचे ते छप्पर कोणी घातले हे आपणांस कधी कळावयाचे नाही. परंतु आम्हांस असे वाटते की, ज्यांचा मित्र स्वतःच्या पायांनी बाज उचलून घरी गेला, ते चौघे त्या घरधन्यास उघड्या आभाळाखाली सोडून गेले नसतील. आणि कदाचित बरा झालेला तो मनुष्यही माती कालवावयास परत आला असेल. ह्या वर्षी मृगापूर्वी आपल्या गावातील एका घरधन्याने येऊन शब्द टाकावा इतका विश्वास आपण कमाविला आहे काय? नसेल, तर आधी तो कमावावयास लागू या.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. याजकाने घर पाहण्यापूर्वी ते रिकामे का करविले? आपल्या मदतीने गरिबाचे कोणते सामान किंवा कोणता मान धोक्यात येऊ शकतो?

२. नहेम्याच्या यादीतील गवंडी नसलेल्या पाच जणांचे धंदे किंवा नाती सांगा. आपल्या मंडळीत कोण कोणते काम जाणतो, ह्याची अशीच यादी करा.

३. किल्लारीच्या दुरुस्तीत पैसा घरधन्याच्या हाती का दिला? त्यात कोणता धोका होता व कोणता लाभ झाला?

४. चाकणच्या भाड्याच्या खोलीविषयी वर सांगितलेली तडजोड आपल्या गावात चालेल काय? न चालल्यास दुसरी कोणती सुचते?

५. दुरुस्तीचा खर्च सवडीने परत करण्याची रीत व फुकट मदतीची रीत, ह्यांपैकी आपल्या मंडळीस कोणती बरी, आणि का?